टक

टोकियोतल्या उएनोच्या प्राणिसंग्रहालयाच्या पश्चिम भागात शूबिल या आफ्रिकी पक्ष्याच्या जाळीसमोर आम्ही मायलेकी उभ्या होतो, त्याला पाऊण तास होत आला होता. सप्टेंबर संपत आला होता, शिनोबाझु तळ्याकडून कमळाच्या कुजू लागलेल्या पानांचा वास येत होता आणि माझ्या पायांना रग लागली होती. जाळीपलीकडे तो उभा होता. राखाडी-निळसर पाठ, डोक्यामागे वाऱ्याने विस्कटल्यासारखा दिसणारा तुरा, काठ्यांसारखे दोन लांब पाय आणि ती चोच. जुन्या लाकडी खडावेसारखी फुगीर, तपकिरी डागांनी माखलेली, टोकाला आकड्यासारखी वळलेली. एवढ्या वेळात त्याने मान वळवली नव्हती की पाय उचलला नव्हता. माझी नऊ वर्षांची मुलगीही तशीच उभी होती, दोन्ही हातांनी जाळीपुढचा कठडा धरून. शेवटी न राहवून मी म्हणाले, "चल गं आता, किती वेळ अशी टक लावून बघणार आहेस त्याच्याकडे?" तिने मान न वळवताच उत्तर दिले, "मी कुठे बघतेय? ती बघतेय. तिला काहीतरी बोलायचंय आई, पण कधी बोलायचं ते तिला कळत नाहीये."

माझ्यासाठी तो 'तो' होता आणि तिच्यासाठी 'ती'. त्या दिवशी परतताना गिंझा लाइनच्या डब्यात आणि पुढे निशिकासाईच्या घरापर्यंत तिचे वाक्य माझ्या मनात रुतून राहिले.

'ती' कोण हे मला माहीत होते. मुलीच्या दप्तराला एक पारदर्शक प्लॅस्टिकचे किचेन लटकलेले असते. जुन्या वस्तूंच्या दुकानातून तिने ते दोनशे येनला घेतले होते. त्यावर राखाडी कपड्यांतली, राखाडी केसांची एक मुलगी आहे. तिच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना छोटे पंख आहेत, केसांचा मागे एक तुरा उभा राहिलेला आहे आणि पिवळ्या डोळ्यांनी ती समोर बघते आहे. 'केमोनो फ्रेंड्स' या मालिकेतली ही शूबिल. २०१७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये जपानी दूरचित्रवाणीवर तिचे बारा भाग आले. पात्रांची मूळ कल्पना चित्रकार मिने योशिझाकी यांची. जापारी पार्क नावाचे एक ओसाड पडलेले विशाल प्राणिसंग्रहालय आहे, तिथे एका चमत्कारिक द्रव्याच्या स्पर्शाने प्राण्यांच्या मुली झाल्या आहेत आणि प्रत्येकीत तिच्या मूळ जातीची काही ना काही खोड उरली आहे. शूबिलमध्ये टक लावून बघणे उरले आहे. समोरच्याला वाटते की ही रागावली आहे, डोळ्यांनी खाते आहे. प्रत्यक्षात ती बोलायला योग्य क्षण कोणता याचा अंदाज घेत असते आणि तो घेता घेता तिची नजर समोरच्यावर खिळून जाते.

मी हे किचेन पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते खटकले होते, हे कबूल केले पाहिजे. खरा शूबिल चार फूट उंच असतो, पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ फूट भरतात आणि त्याची चोच वीतभर लांब आणि जवळजवळ तेवढीच रुंद वाटते. शास्त्रज्ञांनी त्याला जे लॅटिन नाव दिले आहे त्याचा अर्थ 'व्हेलच्या डोक्याचा राजा' असा होतो, अरबी भाषेत त्याला 'जोड्याचा बाप' म्हणतात आणि जपानी 'हाशिबिरोको' या नावातही चोच आणि तिची रुंदी हेच आहे. चोच म्हणजेच हा पक्षी. आणि चित्रातल्या मुलीला नेमकी चोचच नाही. तिला इवलेसे, मिटलेले, गोड तोंड आहे. कोणत्याही जिवाला मोठे डोळे आणि छोटे तोंड देऊन मुलगी करून टाकायचे, की तो विकायला सोपा जातो, असा माझा राग होता. तो राग पूर्णपणे गेला आहे असे आजही मी म्हणणार नाही. पण उएनोहून परतल्यावर मी त्या चित्राकडे नव्याने पाहिले आणि माझ्या लक्षात आले की चित्रकाराने चोच सोडून देताना एक गोष्ट मात्र घट्ट धरून ठेवली आहे. या पक्ष्यासमोर उभे राहणाऱ्या प्रत्येक माणसाला जी अस्वस्थता जाणवते, आपल्याकडे कोणीतरी बघते आहे आणि आपल्याला कारण ठाऊक नाही अशी, ती त्या दोन पिवळ्या डोळ्यांत आहे. मग चित्रकाराने त्या अस्वस्थतेला एक कारण दिले. ते कारण पक्ष्याचे नाही, माणसाचेच आहे. पण ते फार मायेने दिलेले आहे.

आमच्या भाषेने असल्या पक्ष्याला एवढी माया दाखवलेली नाही. पाण्याकाठी एका पायावर निश्चल उभा असलेला बगळा म्हणजे ढोंगी, ही आम्हाला लहानपणापासून पाजलेली गोष्ट. तपश्चर्येचे सोंग घेऊन मासे गिळणारा आणि शेवटी खेकड्याने मान कापलेला बगळा आम्ही पहिली-दुसरीतच ऐकलेला असतो. 'बकध्यान' हा शब्द आम्ही कोणाच्या कौतुकासाठी कधी वापरला आहे, असे मला आठवत नाही. आणि तरीही संध्याकाळी घराकडे परतणारी बगळ्यांची माळ दिसली की आम्ही सगळी मुले अंगणात धावायचो, दोन्ही हातांची नखे एकमेकांवर घासत ओरडायचो, "बगळ्या बगळ्या कवडी दे!" नखावर पांढरा ठिपका उमटला की ती बगळ्याने दिलेली कवडी. ज्याला वर्गात ढोंगी म्हणायचे, त्याच्याचकडे अंगणात हात पसरायचे, यात आम्हाला काही विसंगत वाटत नसे. महाभारताच्या वनपर्वातही तळ्याकाठी युधिष्ठिराला जो भेटतो तो आपली ओळख शेवाळ आणि मासे खाणारा बगळा अशीच करून देतो, आणि मागाहून यक्षाच्या रूपात उभा राहतो. त्यालाही काही विचारायचे होते. चार भाऊ त्याला न जुमानता पाणी प्यायले आणि काठावर कोसळले, पाचवा थांबला.

माझे बालपण इंदापुरात गेले. तिथे तहसील कचेरीच्या आवारातल्या जुन्या चिंचांवर दरवर्षी चित्रबलाक घरटी करतात. पिवळी लांब चोच, पंखांवर काळी-पांढरी नक्षी आणि शेपटीकडे गुलाबी झाक असलेले हे मोठे करकोचे इतके उंच आणि इतके जवळ असायचे, की दाखला काढायला आलेली माणसे डोक्यावर पिशवी धरून झाडाखालून जायची. खाली चुन्यासारखी विष्ठा सांडलेली असायची, वरून अर्धवट गिळलेला मासा कधी कधी पडायचा आणि उन्हाबरोबर त्याचा वास चढायचा. या पक्ष्यांना मोठेपणी आवाज जवळजवळ नसतोच. पिल्ले कलकलाट करतात. पूर्ण वाढलेले चित्रबलाक फक्त चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटून टकटक करतात. दुपारी कचेरीबाहेर सायकल लावून मी ती टकटक ऐकत राहायची. कोणीतरी वर बसून संथपणे टंकलेखन करते आहे असे वाटायचे. पुढे वाचनात आले की शूबिलही असाच चोच वाजवतो. त्याला बराच काळ करकोच्यांच्याच कुळातला मानत असत, आता तो पेलिकनांच्या अधिक जवळचा ठरला आहे. उएनोत मी त्या टकटकीची वाट बघत होते. ती त्या दिवशी काही ऐकू आली नाही.

हे सगळे पक्षी आमच्याकडे का येतात, याचे उत्तर उजनी धरण हे आहे. १९८० साली धरण पुरे झाले, भीमेचे पाणी मागे पसरले, गावे आणि शिवारे खाली गेली आणि त्या उथळ, पसरट फुगवट्यावर पक्षी उतरू लागले. भिगवणला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला पुण्याहून गाड्या भरून माणसे येतात, ती याच पाण्यावर. माझ्या आजोबांची जमीन या पाण्याखाली आहे. मी पाहिले ते आजोबा म्हणजे काठावरच्या बाभळीखाली काठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी ठेवून बसलेले, पाण्याकडे टक लावलेले आजोबा. ते फारसे बोलत नसत. आम्हा नातवंडांना त्यांची भीती वाटायची, कारण आम्ही जवळ गेलो की तीच पाण्यावरची नजर न बदलता आमच्यावर यायची. माझ्या थोरल्या चुलतभावाने त्यांना 'बकध्यान' हे नाव ठेवले होते आणि त्यांच्या माघारी आम्ही सगळेच ते वापरत होतो, मीही. एकदा उन्हाळ्यात पाणी बरेच ओसरलेले असताना मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. ते उठले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी काठी उचलली, चिखलातल्या एका जागेकडे रोखली आणि म्हणाले, "त्या तिथं आपली विहीर हाय." 'होती' नाही म्हणाले. मी दहा वर्षांची होते, मला भूक लागली होती आणि तिथे मला एक पांढरा बगळा सोडून काहीच दिसत नव्हते. मी म्हणाले, "आजोबा, चला ना." ते चालू लागले.

शूबिलच्या निश्चलपणाचे खरे कारण मला उएनोनंतर शोधावेसे वाटले. त्याचा मुलूख म्हणजे आफ्रिकेतल्या पपायरस गवताच्या दलदली. दक्षिण सुदानमधले सुद, युगांडात व्हिक्टोरिया सरोवराकाठचे मबांबा, झांबियातले बांग्वेउलु. गच्च वाढलेल्या गवताखालच्या त्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. तिथल्या लंगफिश नावाच्या माशाला म्हणूनच थोड्या थोड्या वेळाने हवा घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. शूबिल त्या एका श्वासाची वाट बघत उभा असतो. अर्धा तास, तास, त्याहूनही जास्त. पाय हलला तर पाणी हलते, पाणी हलले तर मासा खालीच राहतो. आणि मासा वर आला की तो झेप घेत नाही, अक्षरशः कोसळतो. सगळे अंग, चोच, पंख एकदम पुढे झोकून देतो आणि गवत, चिखल आणि मासा असा सगळाच घास उचलून घेतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला असे कोसळल्यावर सावरून पुन्हा उभे राहायला वेळ लागतो, म्हणून चुकीच्या क्षणी कोसळणे त्याला परवडत नाही. हे वाचताना मी थांबले. योग्य क्षणाचा अंदाज घेत उभी असलेली मुलगी, हे मालिकेने लावलेले कारण मी निव्वळ गोड कल्पना समजत होते. पण त्यांनी फक्त माशाच्या जागी शब्द ठेवला होता. वाट बघण्याचे मूळ तेच होते.

मबांबाच्या मासेमारांनी त्याचे आणखी वेगळे कारण लावले होते. सकाळी होडी काढताना हा पक्षी दिसला तर दिवसभर जाळ्यात काही येत नाही, असा त्यांचा समज होता आणि त्यापायी तो मारलाही जाई. आता त्यांच्यापैकीच काही जण पर्यटकांना होडीत बसवून तोच पक्षी दाखवायला नेतात. जगात हे पक्षी पाच ते आठ हजार उरले असावेत असा अंदाज आहे. मादी बहुधा दोन अंडी घालते, उन्हाचा कडाका वाढला की चोचीत पाणी भरून आणून अंड्यांवर ओतते, आणि तरीही दोनपैकी बहुतेक वेळा एकच पिल्लू जगते. बंदिवासात पिल्लू जन्मल्याची उदाहरणे तर अगदी मोजकी आहेत. बेल्जियममध्ये २००८ साली आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडात त्याच्या पुढच्या वर्षी. जपानमध्ये हा पक्षी इतका लाडका आहे की 'न हलणारा पक्षी' म्हणून माणसे त्याला बघायला दुरून येतात. इझु द्वीपकल्पावरच्या प्राणिसंग्रहालयात 'बिल' नावाचा एक शूबिल १९८१ पासून २०२० पर्यंत जगला, म्हातारा झाला आणि गेला तेव्हा कित्येकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. हे प्रेम खरे आहे, हे मी जाळीसमोर माझ्याशेजारी घडीची खुर्ची टाकून बसलेल्या आजीबाईंच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. तरीही त्या सिमेंटच्या उथळ पाण्याकडे बघताना मला वाटत राहिले की इथे लंगफिश वर येणार नाही. येणार तो बादलीतला मासा, ठरल्या वेळी. मग हा आता कशाची वाट बघतो आहे?

त्याच २०१७ साली सैतामा प्रांतातल्या तोबू प्राणिसंग्रहालयाने या मालिकेतल्या पात्रांचे फलक त्या त्या प्राण्यांच्या आवारात उभे केले होते. पेंग्विनांच्या आवारात हुलुलु नावाच्या पेंग्विन-मुलीचा फलक होता. ग्रेप नावाचा वीस वर्षे ओलांडलेला एक हम्बोल्ट पेंग्विन, ज्याची जोडीदारीण त्याला सोडून दुसऱ्याकडे गेली होती, त्या फलकाकडे मान वर करून तासन् तास बघत उभा राहू लागला. माणसे ते पाहायला गर्दी करू लागली. ऑक्टोबरमध्ये तो गेला. शेवटच्या आजारात रखवालदारांनी तो फलक त्याच्याजवळ नेऊन ठेवला होता. त्याला त्या रंगवलेल्या मुलीत काय दिसत होते, हे कोणालाच कळण्यासारखे नव्हते, आणि तरी प्रत्येकाने त्याला प्रेम म्हटले. मीही म्हटले होते, आणि डोळे पुसले होते. जपानी लोककथेत जखमी क्रौंच पक्षी वाचवणाऱ्याच्या घरी स्त्री होऊन येतो, दार लावून आपलीच पिसे उपसून वस्त्र विणतो आणि एवढेच सांगतो की विणताना माझ्याकडे बघू नका. तो माणूस बघतो. स्त्रीचा पुन्हा पक्षी होतो आणि उडून जातो. ही गोष्ट मी मुलीला जपानीतून वाचून दाखवली तेव्हा तिने विचारले होते, "त्याने तिला आधी विचारलं का नाही, बघू का म्हणून?"

आता मुख्य गोष्ट, जी मी इतका वेळ टाळत आले आहे. आम्ही उएनोला गेलो त्याच्या दोन आठवडे आधी मुलीच्या शाळेत पालकभेट होती. आम्हाला जपानमध्ये येऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तिच्या बाई फार मृदू स्वभावाच्या आहेत. त्यांनी दोन-तीनदा माफी मागून मला सांगितले की मधल्या सुट्टीत माझी मुलगी मैदानाच्या कडेला, झेंड्याच्या खांबापाशी उभी राहते, खेळणाऱ्या मुलींकडे एकटक बघते, बोलवले तर जवळ येत नाही, आणि त्यामुळे काही मुलींना थोडेसे दडपण येते. मी मान लववून आभार मानले. घरी येताना सायकल हातात धरून चालत असताना मी मुलीला म्हणाले, "लोकांकडे असं टक लावून बघत उभं राहू नये. चांगलं दिसत नाही ते." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या दप्तराला ते किचेन लटकलेले दिसले आणि मी विचारले, "हे काय नवीन?" त्यावर तिने मला त्या पात्राची सगळी कथा सांगितली. ती टक का लावते, तेही सांगितले. मी पोळ्या लाटत होते. "हो का, छान आहे," म्हणाले.

ती दोन आठवडे मला सांगत होती.

मी हे उएनोच्या त्या वाक्यानंतर उमगून घेतले आणि तेव्हापासून तिच्याशी त्याविषयी काही बोललेले नाही. काय बोलावे, कधी बोलावे, हे मला कळत नाही. ऑक्टोबरमधल्या एका कामाच्या दिवशी, ती शाळेत असताना, मी सुट्टी घेऊन एकटीच पुन्हा उएनोला गेले. बारीक पाऊस पडत होता, जाळीपाशी मी आणि पारदर्शक छत्री घेतलेला एक तरुण, एवढेच होतो. पक्षी आडोशाला जाऊन उभा न राहता पावसातच उभा होता. त्याच्या चोचीच्या टोकाशी थेंब जमत होता, मोठा होत होता आणि गळत होता. पापणी मिटली की डोळ्यावरून एक धुरकट पडदा सरकल्यासारखे दिसायचे, आणि मग पुन्हा तीच नजर. मी ठरवून घड्याळ बघितले नाही. कधीतरी त्या तरुणाची छत्री निघून गेली. कधीतरी माझ्या मोज्यांत पाणी शिरले. आणि मग, काहीही कारण नसताना, त्याने एक पाय चिखलातून उचलला, हवेत थोडा वेळ तसाच धरला, लांब बोटे मिटली, उघडली, आणि वीतभर पुढे ठेवला. पाणी हलले आणि थांबले. मी श्वास रोखून धरला होता, हे मला नंतर कळले.

रात्री मुलगी गृहपाठाची जपानी कांजी अक्षरे गिरवत बसली होती. मी तिला सांगितले की मी आज उएनोला गेले होते. तिने वर पाहिले.

"हलली?"

"हो. एक पाऊल टाकलं तिने."

"कुठलं? उजवं की डावं?"

मी आठवू लागले. पाऊस, गळणारा थेंब, मिटून उघडलेली बोटे, हलून थांबलेले पाणी, सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते. पाय कोणता, ते मला आठवेना. तिने पेन्सिल वहीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.